फळ्यावर उडणारा खडू

लिहायचं टोक पुढे करून खडू फळ्यावर तिरका टेकवा आणि तसाच पुढे ढकला. टक्-टक्-टक् आवाज होतो, रेघेऐवजी ठिपक्यांची रांग उमटते. आमचे एक सर भूमितीतली तुटक रेघ अशीच एका दमात काढत. या ठिपक्यांमागचं गणित संगणकाला आजही घाम फोडतं.

घर्षणाचा नियम तसा एका ओळीचा. कूलाँब यांचा लेख १७८५ साली छापून आला: घर्षण फार तर दाबाच्या ठरावीक पटीइतकं. गोम आहे ती त्या ‘फार तर’मध्ये. वस्तू घसरत असेल तर घर्षण किती, हे नियम सांगतो. थांबलेली असेल तर नुसती कमाल मर्यादा. संगणकाला मात्र आकडा लागतो. वाळूचा ढीग असेल तर जिथे जिथे दाणा दाण्याला टेकला, तिथे तिथे आधी ठरवायचं: सुटला, अडकला की घसरला?

पॉल पँलव्हे यांनी १८९५ साली याहून बिकट त्रांगडं दाखवलं. ताठ काठी खरखरीत जमिनीवर तिरकी ढकलली, की घर्षण टोकाला मागे खेचतं. त्यामुळे काठी वळून टोक जमिनीवर आणखी दाबलं जातं. दाब वाढला की घर्षणही वाढतं. एकसारख्या जाडीच्या बारीक काठीसाठी घर्षणगुणांक, म्हणजे नियमातली ती ठरावीक पट, ४/३ च्या वर गेला, की काही स्थितींत समीकरणांना उत्तरच उरत नाही, तर काहींत एकाहून जास्त उत्तरं निघतात. खरा खडू आणि धरणारा हात किंचित लवतात, म्हणून खडू उडून सुटतो. (पँलव्हे पुढे १९१७ मध्ये फ्रान्सचे पंतप्रधान झाले. तिथली कोडी यापेक्षा सोपी नसावीत.)

एक तोड अशी: वस्तू एकमेकींत केसभर घुसू द्यायच्या आणि मध्ये कल्पनेतली कडक स्प्रिंग ठेवायची. कुंडॉल आणि स्ट्रॅक यांनी १९७९ मध्ये कणांच्या ढिगासाठी हेच केलं. पण स्प्रिंग जितकी कडक, तितकी काळाची पावलं बारीक घ्यावी लागतात. नाहीतर पडद्यावरचे कण फुटाण्यासारखे उडतात.

झाँ झाक मोरो यांची युक्ती मला जास्त चलाख वाटते. त्यांनी क्षणाक्षणाचं बल विचारणंच सोडलं. छोट्याशा कालखंडात एकूण धक्का किती बसला, एवढंच काढायचं. वेग एकदम बदलला तरी चालतं. याच वाटेने जाऊन डेव्हिड स्टुअर्ट यांनी १९९८ साली सिद्ध केलं की पँलव्हे यांच्या काठीलाही उत्तर असतं. ते एकच असेल, याची हमी मात्र हे गणित देत नाही.