व्यापाराचा पट आणि घरातले दोन तट

उन्हाळ्याच्या सुट्टीत कोपरगावात दुपारी मुलांना बाहेर सोडायची सोय नसते. मग कपाटावरून ‘व्यापार’चा पट खाली येतो. शहरांची कार्डे, कागदी नोटा, फासे, एका कोपऱ्यात जेल. गेल्या सुट्टीत या पटाने आमच्या घरात चक्क दोन तट पाडले.

अम्मींचा आक्षेप फाशावर. त्या मनाचे काही बोलत नव्हत्या. ‘सहीह मुस्लिम’मध्ये नर्द या फाशाच्या खेळाविरुद्ध कडक हदीस आहे, आणि पैज नसली तरी फासा नकोच, असे बहुतेक फुकहांचे मत आहे. पैज लागली तरच हरकत, असे म्हणणारेही काही आहेत. (बुद्धिबळाची गोष्ट वेगळी. हनफी उलेमा त्यालाही नापसंत करतात. शाफई मसलकात पैज नसेल आणि नमाज चुकत नसेल तर हुकूम सौम्य आहे. म्हणूनच की काय, आमच्या रत्नागिरीच्या भावजयीच्या माहेरी बुद्धिबळ मांडले की कोणी काही म्हणत नाही.)

मुलांनी तोडगा काढला: फाशाऐवजी डब्यात आकड्यांच्या चिठ्ठ्या. अम्मी म्हणाल्या, “चिठ्ठी उचलली काय नि फासा टाकला काय, नशीबच ना?” याला आमच्याकडेही उत्तर नव्हते.

भाईजान मात्र खेळाच्या बाजूचे. वर्गात शेकडेवारी आली की जांभया देणारी मुले इथे भाड्याची बेरीज तोंडी करतात, हे तर आम्हीही पाहिले.

ठिणगी पडली ती तिसऱ्याच कारणाने. आमच्या मुलाने चुलतभावाला एकेक शहर गहाण ठेवायला लावले आणि “आता व्याज भर!” म्हणून टाळी वाजवली. मुलांचे धाकटे चाचा शेजारी चहा घेत होते. त्यांचे दुकान दोन वर्षांपूर्वी व्याजाच्याच पैशात गेलेले. कप अर्धा ठेवून ते उठले. मुलाला काही कळले नाही. आम्हाला कळले, आणि मान वर करवेना.

त्या रात्री मुलांना या खेळाची जन्मकथा सांगितली. अमेरिकेत एलिझाबेथ मॅगी नावाच्या बाईंनी १९०४ मध्ये ‘लँडलॉर्ड्‌स गेम’चे पेटंट घेतले. जमीन मोजक्यांच्या हाती गेली की बाकीचे कसे कंगाल होतात, हे लोकांना दिसावे म्हणून. त्यांनी नियमही दोन तऱ्हांचे केले होते: एकात मक्तेदार जिंकतो, दुसऱ्यात एकाच्या कमाईतून सगळ्यांना काही मिळते. १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सने ‘मोनोपोली’ बाजारात आणला. मॅगीबाईंना पेटंटचे मिळाले अवघे ५०० डॉलर. जगभर गेली ती पहिलीच तऱ्हा. मोनोपोलीत गहाण सोडवताना १० टक्के व्याज पडते, ते तिथलेच.

दुसऱ्या दिवशी मुलांनी आपलेच नियम लिहिले. गहाण बंद. निम्मे भाडे सामायिक डब्यात, आणि अडलेल्याला त्यातून बिनव्याजी कर्ज, कर्ज-ए-हसना. डाव लांबतच गेला. आमचा मुलगा कुरकुरला, “यात मजाच नाही, कोणी हरतच नाही.”

“सरक जरा,” चाचा म्हणाले आणि सतरंजीवर बसले. “माझ्या नोटा मोजून दे.”

अम्मींनी अजून होकार दिलेला नाही. पण असरची अजान झाली तेव्हा पटावर झाकायला चादर त्यांनीच आणून दिली.