इंजिनाची झीज आणि ऑइलमधील न दिसणारा कचरा

‘तेलाचे प्रदूषण’ असे फळ्यावर लिहिले की मोटार मेकॅनिकच्या वर्गातील विद्यार्थी बुचकळ्यात पडतो. ‘ऑइलात कचरा गेला’ म्हटले की त्याला लगेच उमगते. उस्तादाच्या हाताखाली गॅरेजात शिकलेल्या मुलाचा हा शब्द आपण वर्गात जरूर घ्यावा. अडचण एवढीच की, कचरा म्हटला की तो डोळ्यांना दिसेल असे वाटते आणि इंजिन झिजवणारा कचरा बहुधा दिसत नाही.

चालत्या इंजिनात बेअरिंग व शाफ्ट यांच्यामधील ऑइलचा थर काही मायक्रॉनच जाड असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. थराच्या जाडीएवढा धुळीचा कण त्या फटीत शिरला की तो दोन्ही पृष्ठभाग घासतो. धुळीतील वाळूचे कण चांगलेच कठीण असतात. शिवाय घासून निघालेला धातूचा कीस ऑइलात मिसळून पुढची झीज करतो.

फिल्टर आहेच की, असे विद्यार्थी म्हणतात. १९२३ साली अमेरिकेत स्वीटलँड व ग्रीनहाल्घ यांनी मोटारीसाठी ऑइल फिल्टर बनवला. त्याचे ‘प्युरोलेटर’ हे नाव ‘प्युअर ऑइल लेटर’ या शब्दांवरून घडले. त्यातला ‘लेटर’, म्हणजे ‘नंतर’, मला फार प्रामाणिक वाटतो. सर्वसाधारण कागदी फिल्टर मोठे कण अडवतो, पण ५-१० मायक्रॉनचे पुष्कळ कण पहिल्या फेरीत निसटतात. फिल्टर तुंबला, किंवा थंड इंजिनात ऑइल घट्ट असले, तर बायपास व्हॉल्व्ह उघडून ऑइल न गाळताच पुढे जाते. इंजिन कोरडे राहण्यापेक्षा ते परवडते.

तेव्हा धूळ आत जाऊ न देणे महत्त्वाचे. तिची मोठी वाट हवेची आहे. एअर फिल्टर जोराच्या हवेने फुंकला तर कागद फाटतो; त्यापुढच्या होजची क्लिप सैल असली तर फिल्टर नवा असूनही उपयोग नाही. फनेल आणि डिपस्टिक स्वच्छ फडक्याने पुसावी.

रंगाविषयीही मुलांचा गैरसमज असतो. डिझेल इंजिनाचे ऑइल लवकरच काळे पडते, कारण काजळी गोळा होऊ न देता धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. ऑइल दुधट दिसले तर मात्र पाणी किंवा कूलंट शिरले आहे; इंजिन चालवू नये. पातळी आपोआप वाढून इंधनाचा वास आला तर ऑइल पातळ झाले आहे. वर्गातला मुलगा मात्र ऑइल काळे दिसले म्हणून मुदतीआधीच बदलून टाकतो आणि फाटका एअर फिल्टर पुन्हा तसाच बसवतो.