संगणकाचे बुद्धिबळ : जुना गडी आणि नवा गडी

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलात, की कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका नजरेत भरतो. पण अभयारण्यातून चढण सुरू केली, की झाडी तो झाकून टाकते. आता समजा, तेथे प्रत्येक वळणावर तीस पायवाटा फुटल्या, तर तुम्ही काय कराल? सगळ्या थोड्याथोड्या चालून पाहाल, की काही नुसत्या पाहूनच सोडून द्याल?

बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकापुढे हाच पेच असतो. डावाच्या मध्यावर साधारण तीस खेळ्या शक्य असतात. तुमची एक व प्रतिस्पर्ध्याची एक मिळून झाल्या ९०० शक्यता. दोघांच्या तीन-तीन खेळ्या धरा. आकडा ७२ कोटी ९० लाखांवर जातो!

जुन्या आज्ञावल्या बहुधा ठरावीक खोलीपर्यंत पाहत आणि तेथे थांबून मुख्यतः मोहरी मोजत. त्यातून एक गमतीदार दोष निघे. सहाव्या खेळीला वजीर मरतो असे दिसले, की संगणक मध्येच एक प्यादे फुकट पुढे करी. ते मारण्यात दोन खेळ्या जात, वजिराचे मरण आठव्या खेळीवर ढकलले जाई, आणि तेवढे दूरचे दिसत नसल्याने संकट टळले असे त्याला वाटे! शेवटी वजीरही जाई आणि प्यादेही. हान्स बर्लिनर यांनी १९७३ साली वर्णन केलेला हाच तो 'क्षितिज-दोष'.

डेव्हिड लेव्ही या खेळाडूने १९६८ साली पैज लावली होती, की दहा वर्षांत कोणताही संगणक मला हरवणार नाही. १९७८ साली त्याने 'चेस ४.७'ला ३½–१½ असे हरवून ती जिंकली. एक डाव मात्र संगणकाने घेतलाच.

१९९७ साली 'डीप ब्लू'ने जगज्जेत्या कास्पारोव्हला ३½–२½ असे नमवले. हे यंत्र सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत असे. मग सारा प्रताप वेगाचाच का? तसे नाही. २००९ साली ब्वेनोस आयरेसच्या एका स्पर्धेत 'पॉकेट फ्रिट्झ ४'ने दहांपैकी ९½ गुण मिळवले. ही आज्ञावली चालत होती एका मोबाइल फोनवर, सेकंदाला २० हजारांहून कमी स्थिती पाहत. म्हणजे डीप ब्लूच्या दहा हजारांश!

यामागे आहे वाटा सोडण्याची कला. एका वाटेवर दरड कोसळलेली दिसली, की तिचे पुढचे फाटे पाहायलाच नकोत. खेळ्या चांगल्या क्रमाने तपासल्या, तर वरच्या ९०० शक्यतांपैकी अवघ्या ५९ पाहून काम भागते. ही युक्ती जुन्यांनाही ठाऊक होती. नव्यांनी तीवर भर घातली : संशयास्पद वाट थोडीच चालायची, महत्त्वाची खोलवर. शिवाय स्थितीची पारख आता माणसाने लिहिलेल्या नियमांऐवजी लक्षावधी स्थितींवरून शिकलेले जाळे करते. 'स्टॉकफिश'मध्ये ते २०२० साली आले. म्हणून नाशिकचे विदित गुजराथी वा नागपूरची दिव्या देशमुख यांच्या तोडीचे ग्रँडमास्टरही आज संगणकाशी सामने खेळत नाहीत, त्याच्याबरोबर सराव करतात.

हे स्वतः पडताळून पाहा. स्टॉकफिश ८ (२०१६) आणि १२ (२०२०) विनामूल्य मिळतात. एकाच संगणकावर जुन्याला दर खेळीस दहा सेकंद द्या, नव्याला एक. वीस डाव होऊ द्या, दोघांना आलटून पालटून पांढरी मोहरी द्या आणि निकाल वहीत मांडा. मग नव्याचा वेळ आणखी निम्मा करा.