पुंगळी उलटी करून बघा!

दोस्तांनो, सुट्टीत मेढ्याला आजोळी गेलात आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत पणजोबांच्या बिल्ल्यांसोबत एक काळवंडलेलं पितळी काडतूस दिसलं, तर काय कराल?

आधी लांबूनच बघा. टोकाला गोळी बसलेली असेल तर ते जिवंत समजा. उचलू नका, घासू नका, ठोकू नका. शंभर वर्षांचं असलं तरी उडू शकतं. शिवाय परवान्याशिवाय ते बाळगणं हा 1959च्या शस्त्र कायद्यानुसार गुन्हा आहे. सरळ पोलिसांना कळवा.

नुसती रिकामी पुंगळी असेल तर मात्र ती भंगारात देण्याआधी उलटी करा. बुडाची कडा बाहेर आलेली, लांबी साडेपाच सेंटीमीटरच्या आसपास? मग ती बहुधा ‘थ्री-नॉट-थ्री’ची. नळीचा व्यास 0.303 इंच, म्हणून हे नाव. ब्रिटिश फौजेत हे काडतूस 1889च्या सुमारास आलं. सुरुवातीला आत काळी दारू असायची. मग आलं कॉर्डाइट, शेवयांसारख्या बारीक कांड्यांचं. धूर कमी झाला, वेग वाढला. 1910च्या ‘मार्क सात’ची टोकदार गोळी सेकंदाला 740 मीटरच्या वेगाने सुटायची.

आता बुडावरची अक्षरं वाचा. ‘के’ आणि ‘एफ’, मध्ये बाण? मग माल विलायतेचा नाही, आपल्या खडकीचा! इंग्रज तिला किरकी म्हणायचे. तिथला दारूगोळा कारखाना 1869चा. शेजारी 42 असेल, तर साल 1942.

सातारा म्हणजे फौजींचा जिल्हा. एकट्या अपशिंग्याचे 46 जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. त्या पिढीच्या खांद्यावर थ्री-नॉट-थ्रीच होती. घराला त्याचा अभिमान असतो, असायलाच हवा. पण 13 एप्रिल 1919ला जालियनवाला बागेत झाडलेल्या 1650 गोळ्याही थ्री-नॉट-थ्रीच्याच. हुकूम गोऱ्या अधिकाऱ्याचा, चाप ओढणारे हिंदी फौजेतले. आणि 1942 साली आपली पोरं परदेशात लढत होती, तेव्हाच इकडे वडूजच्या मोर्चावर सरकारी बंदुका चालल्या.

बोटाएवढ्या पितळेत या दोन्ही गोष्टी आहेत. एक सांगायची आणि दुसरी लपवायची, असं करू नका. आजी आहे तोवर तिला विचारा, ही कुणी आणली, कुठल्या पलटणीतून? ती सांगेल ते वहीत उतरवा. कारखान्याचं नाव बुडावर सापडतं, माणसाचं सापडत नाही.