लिबर्टीचे मालक आणि मोटारींचा शौक

शौक कोणाला नसतो? कोणी कबुतरे पाळतो, कोणी पतंग उडवतो, कोणी क्रिकेटचा सामना असला की दुकान पोराच्या हवाली करून निघून जातो. शौकापायी पेढ्या बुडाल्याची उदाहरणे आपल्या बाजारात कमी नाहीत. म्हणूनच वडीलधारी माणसे शौकाचे नाव काढताच कपाळाला आठ्या घालतात. परंतु वडिलोपार्जित धंदाही ठेवायचा आणि शौकात जगभर नावही कमवायचे, अशीही माणसे मुंबईत झाली. लिबर्टी सिनेमाचे मालक नझीर हुसेन हे त्यांपैकी एक. (चित्रपटांत वडिलांच्या भूमिका करणारे नझीर हुसेन ते वेगळे.)

गिरगाव आणि धोबीतलावच्या वाचकांना लिबर्टीचा पत्ता सांगण्याची गरज नाही. मरीन लाइन्सला बॉम्बे हॉस्पिटलजवळची ही इमारत मरहूम हबीब हुसेन यांनी उभी केली. काम सुरू झाले ते स्वातंत्र्याच्या वर्षी, 1947 मध्ये, म्हणून नाव 'लिबर्टी'. त्या काळी दक्षिण मुंबईतील मेट्रो, इरॉस, रीगल ही उंची थिएटरे इंग्रजी चित्रपटांसाठी होती. हिंदी चित्रपटाच्या प्रेक्षकालाही तसाच थाट मिळाला पाहिजे, हा हबीबसाहेबांचा हिशेब. सुमारे बाराशे खुर्च्यांचे हे थिएटर 1949 मध्ये मेहबूब खान यांच्या 'अंदाज'ने उघडले. पुढे 1957 मध्ये 'मदर इंडिया' येथेच झळकला. 1994 मध्ये लागलेला 'हम आपके हैं कौन' येथे शंभरच्यावर आठवडे चालला. गिऱ्हाइकाला मान दिला की तो पुन्हा येतो, हे तत्त्व कापडाच्या दुकानाइतकेच थिएटरलाही लागू पडते.

घरचा धंदा पडद्याचा असला तरी नझीरभाईंचा जीव मोटारींत होता. मुंबईकरांना मोटारींच्या शर्यती अगदीच अपरिचित नव्हत्या. जुन्या काळी जुहूच्या विमानतळाच्या धावपट्टीवर त्या होत असत. मात्र शर्यत म्हणजे श्रीमंतांचा खेळ, असा समज होता. तो बदलायला मोठा हातभार रॅलीने लावला, आणि देशात रॅली रुजवणाऱ्यांत नझीरभाईंचे नाव पुढे होते. 1980 मध्ये सुरू झालेल्या हिमालयन रॅलीच्या आयोजनाचे ते प्रमुख सूत्रधार. परदेशी चालक आपल्या खास गाड्या घेऊन येत. आपली मंडळी मात्र कारखान्यातून निघालेल्या गाड्यांनाच मजबुती देऊन उतरत. त्यांत ॲम्बेसेडर असे आणि कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली फियाटही असे.

येथेच आपल्या कारागिरांचा संबंध येतो. अशा गाडीला डोंगरी रस्त्यावर टिकवायचे तर स्प्रिंगा आणि शॉक ॲब्सॉर्बर मजबूत करावे लागतात. इंजिनाखाली जाड पत्रा ठोकावा लागतो, कार्बुरेटर नीट लावावा लागतो. हे काम पुस्तक वाचून येत नाही. ते गॅरेजमधल्या मिस्त्रीच्या हातात असते. चालकाचा फोटो वर्तमानपत्रात येतो, मिस्त्रीचा येत नाही. पण एक नट ढिला राहिला तर फोटोवाल्याचीही गाडी घाटात उभी राहते.

साध्या रॅलीचा एक नियम व्यापाऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ठरलेल्या वेगाने ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या वेळी पोहोचायचे असते. उशीर झाला तर दंड, आणि लवकर पोहोचलात तरीही दंड! नुसती घाई येथे कामाची नाही, हिशेब लागतो. सिनेमाचा धंदाही असाच घड्याळावर चालतो. खेळ वेळेवर सुरू झाला पाहिजे. आज रिकामी राहिलेली खुर्ची उद्या विकता येत नाही.

पुढे नझीरभाई मोटर स्पोर्ट्स असोसिएशन ऑफ इंडियाचे अध्यक्ष झाले. मोटार-क्रीडेची जागतिक संघटना एफआयए हिच्या जागतिक परिषदेवर त्यांनी काम केले. फॉर्म्युला वन शर्यतींत ते स्टुअर्ड म्हणूनही बसले. स्टुअर्ड म्हणजे शर्यतीचा पंच. नियम मोडला तर कोट्यवधी कमावणाऱ्या चालकालाही तो शिक्षा करू शकतो. हे काम पगारी नोकरीचे नव्हे, हौसेने करायचे. त्यात पैसा नाही. माणसाची पारख, कागदाची समज आणि दोन्ही बाजू ऐकून घेण्याची सवय एवढेच भांडवल. बाजारातले तंटे मिटवणाऱ्या आपल्या बुजुर्गांकडेही तेच असते.

सर्व काही गोड झाले असे मात्र नाही. भारतात या खेळाचा अधिकार कोणत्या संघटनेकडे असावा, यावरून वर्षानुवर्षे वाद चालला आणि त्यात नझीरभाई एका बाजूला उभे होते. इकडे धंद्यावरही संकट आले. करमणूक कर जड होता. मग घरोघरी व्हिडिओ आला, केबल आली, पाठोपाठ मॉलमधली मल्टिप्लेक्स आली. बाराशे खुर्च्या रोज भरणे कठीण झाले. मुंबईतील कित्येक जुन्या थिएटरांना कुलपे लागली. लिबर्टी मात्र टिकली. चित्रपट महोत्सव, मैफली, समारंभ यांनाही तिचे दरवाजे उघडले गेले. लाकडी सजावट, दिव्यांची रचना, जुना डौल राखण्यात आला.

आता नझीरभाई हयात नाहीत. त्यांच्या आयुष्यातून आपल्या दुकानदार बांधवांनी काय घ्यावे? शौक करावा, पण त्याचे गिऱ्हाईक होऊन राहू नये, त्याचे जाणकार व्हावे. नियम शिकावेत, चार माणसे जोडावीत, जबाबदारी घ्यावी. आणि शौकासाठी बाहेर पडायचे असेल तर आधी मागे दुकान चालेल अशी माणसे तयार करावीत. मालक चार दिवस गावाला गेला की ज्या पेढीचे शटर खाली येते, त्या मालकाला शौक तर सोडाच, आजारपणही परवडत नाही.