बिअर पातेल्यात होत नाही

ब्रिटनमध्ये 1963 च्या अर्थसंकल्पाने घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना रद्द केला. अमेरिकेत 1978 मध्ये जिमी कार्टर यांनी तशाच मोकळिकीच्या कायद्यावर सही केली. तेव्हापासून तिथल्या हौशी मंडळींची पहिली बिअर बहुधा एकाच वाटेने जाते. माल्ट कोणतं, हॉप्स कधी घालायचे, किती वेळ उकळायचं यावर सारा जीव ओतायचा आणि थंड झालेल्या रसावर यीस्टचं पाकीट रिकामं केलं की हात झटकून मोकळं व्हायचं. बिघडायला सुरुवात होते ती इथून पुढे.

पातेल्यातल्या चुका बऱ्याचशा पचतात. मोड आणून वाळवलेल्या बार्लीत, म्हणजे माल्टमध्ये, स्टार्चची साखर करणारी एन्झाइम्स तयारच असतात. मोड आणलेल्या नाचणीच्या पिठाची पेज पातळ होते तीही त्यांच्यामुळेच. बार्लीचा भरडा 65 ते 68 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर राहिला की काम होतं. एखाद-दोन अंश इकडेतिकडे झाले तर बिअर जरा जड किंवा हलकी होईल, फुकट जाणार नाही. शिवाय नवखा माणूस माल्टचा तयार अर्कच आणत असेल, तर हा टप्पा कारखान्यातच उरकलेला असतो.

यीस्टचं गणित वेगळं. एल जातीच्या बिअरच्या बहुतेक यीस्टना 18 ते 22 अंश मानवतात. पण साखरेचं अल्कोहोल होताना उष्णताही सुटते. खोली 22 अंशांवर असली तरी 23 लिटरच्या बादलीच्या पोटात तापमान त्याहून तीन-चार अंशांनी जास्त असू शकतं, तेही पहिल्या दोन-तीन दिवसांत, फेस उसळून झाकणाला लागतो तेव्हा. नवखा तो फेस पाहून खूश! त्याच वेळी आत तापलेलं यीस्ट जड अल्कोहोलं तयार करत असतं. त्यांचा स्पिरिटसारखा भपका पुढे कशानेच जात नाही. उलट हिरव्या सफरचंदाचा वास देणारं अॅसिटाल्डिहाइड आणि लोण्याचा वास देणारं डायअॅसिटिल यीस्ट स्वतःच पुन्हा पचवून टाकतं, फक्त त्याला काही दिवस जास्त द्यावे लागतात. चव बिघडली की पुढच्या वेळी कृती बदलली जाते. पण दोष बहुधा तापमानाचा किंवा घाईचा असतो.

यावर कुणी म्हणेल, थर्मामीटर नव्हता तेव्हाही लोक बिअर करतच होते. करत होते, पण थर्मामीटरचं काम पंचांग करत होतं. बव्हेरियात 1553 च्या फर्मानाने 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर या काळात बिअर करायला बंदी घातली, कारण उन्हाळ्यातली बिअर नासायची. ती नासवतात ते जिवाणू, हे पाश्चरने 1876 मध्ये पुस्तकभर मांडलं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: नॉर्वेच्या शेतघरांत जपलेलं क्वेइक नावाचं यीस्ट 35 अंशांच्याही वर सुरेख बिअर देतं. मग 20 अंशांचा एवढा बाऊ कशाला? पण क्वेइक पिढ्यान्‌पिढ्या गरम रसातच वाढवलं गेलं. त्याने सिद्ध होतं ते एवढंच, की तापमान आपल्या नव्हे, यीस्टच्या सोयीने धरायचं.

राहता राहिली बाटली, आणि खरा धोका तिथे आहे. झाकणावरच्या नळीतले बुडबुडे थांबले म्हणजे आंबणं संपलं, असं नाही. रसाची घनता मोजणारा हायड्रोमीटर सुरुवातीला 1.050 दाखवत असेल आणि शेवटी 1.012 वर येऊन दोन-तीन दिवस तिथेच राहिला, तरच बाटल्या भराव्यात. अशा बिअरमध्ये अल्कोहोल साधारण 5 टक्के असतं. बाटलीत वायू भरावा म्हणून लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर घालतात. बिअर 1.017 वर असतानाच बाटलीबंद केली आणि उरलेली साखरही आतच आंबली, तर वायू जवळजवळ दुप्पट होतो आणि काच फुटू शकते. लंडन किंवा न्यू जर्सीतल्या मराठी घरात बिअर करण्याचा हा प्रयोग कायद्यात बसतो. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय तो गुन्हा आहे.