आजारी मुलाचे कार्ड

विनयपिटकाच्या महावग्गात एका आजारी भिक्खूची हकीकत आहे. पोटाच्या विकाराने तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता आणि त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणवले, दोघांनी मिळून त्याला धुतले व उचलून मंचकावर निजवले. मग त्यांनी संघाला समजावले, की येथे तुमची शुश्रूषा करायला आईवडील नाहीत, ती तुम्हीच एकमेकांची केली पाहिजे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात ही हकीकत घेतली आहे. निवासी शाळेला ती जितकी लागू पडते तितकी क्वचितच दुसऱ्या कोणाला पडत असेल.

रुग्णाने आपला आजार आहे तसा सांगावा, अशी अपेक्षाही त्याच प्रकरणात आहे. परंतु सात-आठ वर्षांच्या मुलाने तो कसा सांगावा? शौचाविषयी बोलायला मोठ्यांनाही संकोच वाटतो. म्हणून ज्या मुलांना आतड्याचा दुर्मीळ विकार आहे, त्यांच्यासाठी सूचना-कार्ड असावे असे आम्हा शिक्षकांना वाटते.

उदाहरणादाखल हिर्शस्प्रुंगचा विकार घेऊ. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी 1886 मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून हे नाव. सुमारे 5000 जन्मांमागे एका बाळाला तो असतो. मुलींपेक्षा मुलग्यांत अधिक. आतड्याच्या शेवटच्या भागात, गर्भातच, चेतापेशी पोहोचत नाहीत. तो भाग सैल पडत नाही, मळ पुढे सरकत नाही आणि पोट फुगते. जन्मानंतर 48 तासांत बाळाला पहिली काळी शी झाली नाही, तर ही शंका घ्यावी लागते. तो भाग काढून निरोगी आतडे गुदद्वाराशी जोडतात. बहुतेक मुले पुढे शाळेत येतात, खेळतात, धावतात.

मात्र शस्त्रक्रिया यशस्वी झाली तरी आतड्याला तीव्र दाह होण्याचा धोका उरतो. ताप, फुगलेले पोट, दुर्गंधीयुक्त पातळ शौच, मलूलपणा ही त्याची लक्षणे. बाहेरून पाहणाऱ्याला ही साधी हगवण वाटते. मग जुलाब थांबवणारी गोळी दिली जाते, आणि नेमकी तीच येथे घातक ठरू शकते. मुलाला शिरेतून द्रव, प्रतिजैविके आणि जाणकाराच्या हातून आतडे धुऊन काढणे, यांची तातडीने गरज असते. काही तासांचा विलंबही जिवावर बेतू शकतो.

गगनबावड्याहून कोल्हापूर सुमारे 55 किलोमीटर. पावसाळ्यात मांडुकलीजवळ पुराचे पाणी रस्त्यावर आले, की तेवढे अंतरही हाती राहत नाही. अशा रात्री मुलाला प्रथम पाहणाऱ्या डॉक्टरांनी त्याला पूर्वी कधी पाहिलेले नसेल, आणि सोबत गेलेल्या अधीक्षकांना शस्त्रक्रियेचे नाव ठाऊक नसेल. तेव्हा कार्डच बोलेल.

कार्डावर आजाराचे नाव, शस्त्रक्रियेचा प्रकार व तारीख, धोक्याची लक्षणे, कोणते औषध देऊ नये, तातडीने काय करावे, मूळ शल्यचिकित्सकाचा व पालकांचा दूरध्वनी एवढे पुरे. मजकूर शल्यचिकित्सकानेच लिहून सही करावी. शिक्षकाने ऐकीव माहितीवर भरू नये. एका बाजूला मराठी असावी, दुसऱ्या बाजूला डॉक्टरांच्या नित्य वापरातली इंग्रजी. एक प्रत अधीक्षकांच्या कपाटात, एक मुलाच्या दप्तरात, एक घरी.

ते गळ्यात अडकवावे, अशी सूचना एका पालकांनी केली होती. हेतू चांगलाच होता. पण पेशवाईत आपल्या पूर्वजांच्या गळ्यात मडके होते, हे इतिहास शिकवणाऱ्यांना विसरता येत नाही. ज्या मुलाला कधी कपड्यातच शौच होते, त्याला सोबत्यांच्या चिडवण्याचे भय आजाराहून मोठे वाटते. कार्ड डॉक्टरांसाठी आहे, वर्गासाठी नव्हे. त्या मुलाला तासातून न विचारता उठून शौचालयात जाण्याची मुभा मात्र प्रत्येक शिक्षकाने द्यावी, आणि कारण विचारू नये.

पुष्कळ घरांत रुग्णालयातून सुटतानाचा कागद पिशवीत घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवलेला असतो. जूनमध्ये प्रवेशाला येताना पालकांनी तो सोबत आणावा. आम्ही त्याची छायाप्रत काढून घेऊ; मूळ कागद शाळेत ठेवू नये, पुढच्या तपासणीला तो लागतो.